महिनाभर, असं मी सांगितलं

बायको गेली त्याला आता चौदा महिने झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारात माणसं बरीच आली होती. आमच्यात वंदना झाली की लोक एकेक करून उठतात आणि गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. तिच्याबद्दल बोलायला उठलेले सगळे माझ्याबद्दलच बोलले. अठरा वर्षं सेवा केली. स्वतः उचलून न्हाणीत नेलं. असा नवरा मिळायला नशीब लागतं. एक जण तर म्हणाला, यांचा सत्कार केला पाहिजे. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, रडतोय. मी रडत नव्हतो. उठून खरं सांगावं का, याचा विचार करत होतो. शेवटी मला बोलायला उभं केलं तेव्हा म्हणालो, "सगळ्यांनी जेवून जा," आणि बसलो.

खरं असं आहे. तिचा आजार डोळ्यांतून सुरू झाला आणि पहिले आठ महिने मी तिला खोटी ठरवलं. नंतर मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले? मी सांगितलं, महिनाभर. त्यांनी ते फायलीत लिहिलं. ती शेजारीच बसली होती, काही बोलली नाही. पुढे अठरा वर्षं ती फाइल पिशवीत घालून मी दवाखाने हिंडलो, आणि एकच प्रश्न बरोबर घेऊन हिंडलो. त्या आठ महिन्यांनी तिचे पाय घेतले का? विचारायचं तर आधी आठ महिने कबूल करावे लागणार. म्हणून विचारलं नाही.

मी शहर बसचा ड्रायव्हर होतो. शिक्षण सातवी. वऱ्हाडातून विशीत पुण्याला आलो. आधी ट्रकवर क्लीनर, मग ट्रकवर ड्रायव्हर, मग बस. घर विश्रांतवाडीला, अजून तिथेच आहे. बायको घरी साड्यांना फॉल-पिको करायची. तिच्या हातचा फॉल कुठे चुणायचा नाही, त्यामुळे आळंदी रोडच्या दोन्ही बाजूंच्या बायका आमच्या जिन्यात उभ्या असायच्या. मुलगी एकच, तेव्हा बारावीला होती.

माझी गाडी आमच्या घराजवळून जायची. सकाळच्या पाळीला असलो की बायको स्टॉपवर डबा घेऊन उभी राहायची आणि पुढच्या दाराने आत द्यायची. एक दिवस डबा देताना म्हणाली, "अहो, तुमच्या दोन गाड्या येताना दिसल्या. जवळ आल्यावर एकच."

मी म्हणालो, "पुण्यात एक बस वेळेवर येत नाही. तुला दोन आल्या, नशीबवान आहेस."

पुढच्या बाकावरचे लोक हसले. तीही हसली. तो पहिला दिवस.

दुसऱ्या आठवड्यात परत तेच. उजवीकडे बघितलं की दोन दिसतं, म्हणाली. समोर बघितलं की एकच. मशीनवर बसल्यावर उजवीकडे ठेवलेली कात्री घ्यायला जायची, तर हात कात्रीच्या शेजारी पडायचा. मी म्हणालो, कात्री समोर ठेव. तिने समोर ठेवली. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. ती उजवीकडे बघताना नुसते डोळे फिरवेना, अख्खी मान फिरवायला लागली. मान फिरवून वस्तू समोर घेतली की एकच दिसायची, हे तिने आपलं आपण शोधून काढलं होतं. मला वाटलं, मान आखडली. तेल लावून चोळून दिली. चोळताना ती म्हणाली, "मानेत काही नाही हो. डोळ्यात आहे."

तर मग मी तिचे डोळे तपासले.

हे जरा नीट सांगतो, कारण चूक इथे झाली. ड्रायव्हरच्या डोळ्यांची डेपोत दरवर्षी तपासणी असते. भिंतीवर पाटी, वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेली. तपासणारा म्हणणार, उजवा झाका, वाचा. डावा झाका, वाचा. वाचलं तर फिट. नाही वाचलं तर गाडी काढून घेतात आणि शेडमध्ये बसवतात. शेडमध्ये बसवलेला ड्रायव्हर म्हणजे काय असतो ते मी पाहिलं होतं. दिवसभर चहा आणतो आणि दुसऱ्यांच्या गाड्यांकडे बघतो. त्या भीतीने शेवटच्या दोन ओळी पाठ करून जाणारे लोक होते. मला पाठ करायची वेळ कधी आली नाही. सव्वीस वर्षं मी त्या पाटीपुढे उभा राहिलो होतो. डोळ्यांची तपासणी म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, असं मी समजत होतो.

घरात भिंतीवर कॅलेंडर होतं. मी तिला दहा पावलांवर उभं केलं.

"उजवा झाक. वाच."

तिने वाचलं. तारखा वाचल्या, तारखांखालची बारीक अक्षरं वाचली, तळाशी छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"डावा झाक. वाच."

पुन्हा सगळं वाचलं. माझ्यापेक्षा चांगलं.

"फिट," मी म्हणालो.

"अहो, एक डोळा झाकला की एकच दिसतं. दोन्ही उघडे ठेवून विचारा ना."

"तसं नसतं. तपासणीत एक डोळा झाकायचाच असतो."

"पण मी काय एक डोळा झाकून चालते का घरात?"

"नियम आहे तो."

तिने कॅलेंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. आम्ही घरात पुण्याचंच बोलायचो, पण रागावली की तिच्या तोंडात गावची बोली यायची. आतून आवाज आला, "मले दोन दोन दिसते, अन् हे म्हणते पास!"

पुढच्या काही महिन्यांत मी ती तपासणी चार वेळा घेतली. चारही वेळा डोळा झाकून. चारही वेळा ती पास. वर मला आणखी एक पुरावा सापडला होता. ती सुईत दोरा एका फटक्यात ओवायची. मी तिला म्हणायचो, दोन दिसणारी बाई सुई ओवते का? उत्तर मला पुढे डॉक्टरांनी दिलं. जवळचं, नाकासमोरचं बघताना डोळे आत वळतात, तो हुकूम नेणारी मेंदूतली तार वेगळी असते आणि तिची ती तार चांगली होती. पण तेव्हा मी सुई हातात घेऊन वकिलासारखा उभा राहायचो.

तिने फार लावून धरलं म्हणून चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदारानेही खुर्चीत बसवलं, लोखंडी चौकट नाकावर ठेवली आणि एक बाजू काळ्या काचेने बंद केली. मी तिच्याकडे बघितलं, म्हटलं, बघ. दुकानदार म्हणाला, "काकूंना लांबचा नंबर काहीच नाही. जवळचा लागेल दोनेक वर्षांत, वयाने."

"दोन दिसतं म्हणते," मी म्हणालो.

"ॲसिडिटी असेल," तो म्हणाला.

घरी येताना मी तिला रिक्षात ऐकवलं. रिक्षा वळली तेव्हा तिने मान फिरवून बाहेर बघितलं आणि तळहाताने डावा डोळा झाकून घेतला. तो उपाय तिला माझ्याच तपासणीतून मिळाला होता.

मग ती बाहेर एक डोळा मिटूनच चालायला लागली. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघावं लागतं, आणि उजवीकडेच तिला एका टेम्पोचे दोन दिसायचे. कोणत्या टेम्पोला घाबरायचं? म्हणून एक मिटायचा. भाजीवाल्याच्या गाडीवरही तशीच उभी राहायची. तो मला एकदा म्हणाला, "काका, रागावू नका, पण काकू आजकाल डोळा मारतात." चार बायका तिथे उभ्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मी घरी आलो आणि तिला नको ते बोललो. ते इथे लिहीत नाही. चव्वेचाळीस वर्षांची बाई, मुलगी लग्नाला येईल दोन-चार वर्षांत, आणि हे. एवढ्यावरून बाकीचं समजून घ्यावं.

मुलीने बरोबर पाहिलं होतं. जेवताना आईच्या समोर बसायची ती. एकदा म्हणाली, "पप्पा, आई तिकडे बघते ना, तेव्हा तिचा एक डोळा येतच नाही. मध्येच थांबतो."

मी म्हणालो, "तुझ्या आईचं सगळंच उशिरा येतं. भाजी बघ."

बायको उठून भाजी आणायला गेली. मुलगी माझ्याकडे नुसती बघत राहिली. ते बघणं मी विसरलेलो नाही.

पावसाळ्यानंतर मध्ये दोनेक महिने तिला बरं वाटलं. स्वतःच म्हणाली, आता एकच दिसतं. मी म्हणालो, पाहिलंस? काही नव्हतंच. हा आजार असाच येतो आणि जातो, हे आम्हाला कोण सांगणार? थंडी सरली, ऊन वाढलं, तसं पुन्हा सुरू झालं. आंघोळीला गरम पाणी घेतलं की दोन दिसणं वाढतं, म्हणाली. मी मोठ्याने हसलो. पाण्याचा आणि डोळ्याचा काय संबंध? संबंध होता, हेही पुढे कळलं. अंग तापलं की तसल्या अधू झालेल्या तारा आणखी मंद होतात.

त्यानंतर तिने मला सांगणं बंद केलं. मला वाटलं, बरी झाली. घरात शांतता होती म्हणून मी खूश होतो.

आठव्या महिन्यात ती माझ्या गाडीतूनच पडली.

रविवार होता. विहारातून येताना ती आणि शेजारची एक बाई माझ्याच गाडीत चढल्या. आमच्या स्टॉपवर पुढच्या दाराने उतरायला लागल्या. दाराला दोन्ही बाजूंना धरायला दांडे असतात. तिने उजवा दांडा धरायला हात टाकला आणि तो हवेत गेला. पडतानाचा आवाज मी ओळखला. ड्रायव्हरला तो आवाज ओळखू येतो. हँडब्रेक ओढून मी खाली आलो तोवर ती रस्त्यावर बसली होती, गुडघ्यातून रक्त आणि एका पायात चप्पल नव्हती. चप्पल तिच्या पायातून आधीच, गाडीतच निसटली होती आणि तिला कळलं नव्हतं. पायाला मुंग्या येत होत्या दोन आठवडे. तेही तिने मला सांगितलं नव्हतं.

शेजारीण म्हणाली, "अगं, समोर दांडा आहे की एवढा मोठा!"

बायको म्हणाली, "दोन होते. मी दुसरा धरला."

मी गाडीत चढून तिची चप्पल शोधून आणली.

पालिकेच्या दवाखान्यात गुडघ्याला टाके घालायला नेलं. तिथे एक शिकाऊ डॉक्टरीण होती, आमच्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. टाके घालताना गप्पा मारल्यासारखं तिने विचारलं, "कशा पडलात, मावशी?" बायकोने दांड्याचं सांगितलं. ती डॉक्टरीण थांबली. टाका अर्धा होता, तो पूर्ण केला. हातमोजा काढला आणि एक बोट बायकोच्या तोंडासमोर धरलं.

"मान हलवायची नाही. नुसत्या डोळ्यांनी बोटाकडे बघत राहा."

तिने डोळा झाकला नाही. मी तिला सांगायलाही गेलो, मॅडम, एक डोळा... तिने मला दुसऱ्या हाताने गप्प केलं. बोट हळूहळू उजवीकडे नेलं. बायकोचा उजवा डोळा बोटाबरोबर गेला आणि टोकाला जाऊन थरथरायला लागला. डावा डोळा नाकाच्या अलीकडे, मध्यावरच थांबला. त्याला जणू कोणी सांगितलंच नव्हतं. मग बोट डावीकडे. तिकडेही तसंच, पण कमी.

अर्धं मिनिट लागलं असेल. आठ महिने मी कॅलेंडर वाचून घेत होतो.

"किती दिसतात?" तिने विचारलं.

"दोन," बायको म्हणाली. "लय दिवसांनी कोणी विचारलं, बाई."

त्या डॉक्टरणीने तिच्या वरच्या डॉक्टरांना फोन केला आणि आम्हाला चिठ्ठी देऊन मज्जातंतूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. "उद्याच जा," म्हणाली. "डोळे चांगले आहेत यांचे. डोळ्यांना हुकूम देणारी तार बिघडली आहे."

ते मज्जातंतूचे डॉक्टर तेव्हा चाळिशीचे असतील. त्यांनीही बोट फिरवलं, पायाच्या तळव्याला किल्ली ओढली, गुडघ्यावर हातोडी मारली. मग टेबलाशी बसून लिहायला लागले. विचारलं, "दोन कधीपासून दिसतं?"

ती बोलायच्या आधी मी बोललो. "महिनाभर."

का बोललो, तर लाज वाटली. दुसरं काही कारण नाही. समोर शिकलेला माणूस पेन घेऊन बसलाय आणि त्याला सांगायचं, की ही आठ महिने सांगतेय आणि मी सुई दाखवतोय? डॉक्टरांनी लिहिलं. मी बायकोकडे बघितलं. ती टेबलावरच्या काचेकडे बघत होती.

मग त्यांनी मला समजावलं. मेंदूतून जी तार निघते तिच्यावर आवरण असतं, वायरवर असतं तसं. तिचं शरीर स्वतःच ते आवरण खातंय. एक डोळा बाहेर वळला की दुसऱ्याने आत वळायचं, हा निरोप नेणाऱ्या तारेचं आवरण गेलंय.

मी म्हणालो, "म्हणजे टायरॉड गेला."

"काय?"

"स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. उजवं चाक वळलं. दोन्ही चाकांना जोडणारा दांडा तुटलाय म्हणून डावं सरळच राहिलं."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मी विद्यार्थ्यांना हे समजवायला पाऊण तास घेतो."

बायको म्हणाली, "गाडीचं लगेच कळते याईले."

मशिनीत घालून डोक्याचे फोटो काढले, पाठीतून पाणी काढलं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. मला ते तीन दिवस उच्चारता आलं नाही. पाच दिवस सलाइनमधून औषध दिलं आणि डोळे सुधारले. पाय पूर्ण सुधारला नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, हा आजार पुन्हा पुन्हा येईल, प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन जाईल, इंजेक्शनांनी तो लांबवायचा.

तसंच झालं. चार वर्षांनी काठी आली. नवव्या वर्षी वॉकर. बाराव्या वर्षी चाकाची खुर्ची. फॉल-पिकोची मशीन दुसऱ्याच वर्षी बंद पडली होती, कारण पायडल मारायला पाय पाहिजे. मी निवृत्त झाल्यावर घरचं सगळं मीच करायचो. भाकरी मला जमली नाही, पोळी जमली. ती खुर्चीतून शिकवायची. "तुमची पोळी म्हणजे नकाशा. हे बघा, हा वऱ्हाड." लोक त्याला सेवा म्हणतात. मी तिला उचलायचो तेव्हा प्रत्येक वेळी डोक्यात एकच यायचं, की आठ महिने आधी नेलं असतं तर ही चालली असती का. उचलताना माणूस असा विचार करत असेल तर त्याला सेवा म्हणू नये. दंड म्हणावं.

एकदा, खुर्ची नवी होती तेव्हा, तिला विचारायचं मनात आणलं होतं. की त्या दिवशी मी महिनाभर म्हणालो, तू गप्प का बसलीस? वाक्य जुळवून ठेवलं. ती म्हणाली, "काय बघताय?" मी म्हणालो, "चहा घेणार का?" एवढंच झालं.

शेवटी न्यूमोनिया झाला. तीन दिवस दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी सकाळी गेली. बासष्ट वर्षांची होती.

खुर्ची घरात रिकामी पडून होती. मला ती हलवावीशी वाटेना आणि बघवेही ना. वर्ष झाल्यावर मी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला, ते म्हणाले, आणा, कोणाला तरी उपयोगी पडेल. मी टेम्पोतून खुर्ची नेली. फाइलही नेली. डॉक्टर आता पांढरे झालेत. मला बघून उभे राहिले, बसा म्हणाले.

मी उभ्या उभ्याच म्हणालो, "साहेब, फायलीत एक चूक आहे. दुरुस्त करून घ्या."

"आता?"

"आता."

"काय चूक?"

"पहिल्या दिवशी मी तुम्हाला महिनाभर सांगितलं. ते खोटं होतं. आठ महिने ती मला सांगत होती. मी ऐकलं नाही."

त्यांनी फाइल उघडली. सगळ्यांत खालचं पान पिवळं पडलं होतं, कडेला फाटलं होतं. चष्मा लावून वाचलं. मग फाइल माझ्याकडे फिरवली.

"इथे आठच आहे."

इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. गाड्यांचे नंबर वाचण्यात आयुष्य गेलं. तिथे एक लिहून खोडला होता. वर आठ होता. पुढे सही आणि तारीख.

"ही तारीख ॲडमिट केल्यानंतरची, चौथ्या दिवसाची आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढे लिहिलंय, पेशंटने स्वतः सांगितलं."

चौथ्या दिवशी मी ड्यूटीवर गेलो होतो.

"काय म्हणाली ती? माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"एकोणीस वर्षं झाली हो. मला आठवत नाही. लिहिलंय तेवढंच."

अठरा वर्षं मी ती फाइल काखेत घेऊन हिंडलो. दर खेपेला वरचं पान बघितलं, नवं पान लावून घेतलं. खालचं पान उघडून बघायची छाती झाली नाही. उघडलं असतं तर पहिल्याच वर्षी कळलं असतं.

मग मी विचारलंच. "त्या आठ महिन्यांनी फरक पडला का? लवकर आणली असती तर चालली असती का?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "खरं सांगू? मला माहीत नाही. लवकर आल्या असत्या तर औषधं लवकर सुरू केली असती. काहींना त्याचा फायदा होतो. काहींना सगळं वेळेवर करूनही खुर्ची लागते. तुमच्या बायकोचं काय झालं असतं ते सांगता येत नाही."

"अंदाज?"

"अंदाज सांगून उपयोग नाही. मी नाही म्हणालो तर तुमचा विश्वास बसणार नाही. हो म्हणालो तर लगेच बसेल."

मी खुर्ची तिथे ठेवून बसने घरी आलो.

मुलगी आता हिंजवडीला नोकरीला आहे, राहते वाघोलीला. शहराच्या एका टोकाला राहायचं आणि दुसऱ्या टोकाला कामाला जायचं, असं हल्लीचं आहे. रविवारी येते. त्या रविवारी आली तेव्हा मी फाइल टेबलावर ठेवली आणि विचारलं, "खालच्या पानावर आठ महिने लिहिलेत. तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"कॉलेजला होते तेव्हापासून. कागद मीच लावायचे ना, पप्पा."

"मला बोलली नाहीस."

"आई नको म्हणाली."

"का?"

तिने फाइल मिटली. मग आईच्याच आवाजात म्हणाली, तिला ते चांगलं जमतं, "त्याईले नको सांगू. सांगितलं तर ते रडत बसतीन. मंग मलेच समजूत काढा लागन."

मला हसू आलं. ती बरोबरच बोलली होती. मी रडलो असतो, आणि खुर्चीत बसलेल्या बाईने मला पाणी दिलं असतं. ते तिला नको होतं. तिला इतर कामं होती.

पण मुलगी घरी गेल्यावर बायकोचा राग आला. अठरा वर्षं मी चोरासारखा त्या दवाखान्यात शिरत होतो आणि ती शेजारी बसून बघत होती. तिने डॉक्टरला सांगितलं, तिचं काम झालं. मला एकदा तरी तोंडावर म्हणायला पाहिजे होतं, तुम्ही मला खोटी ठरवलंत. मग मीही बोललो असतो. आम्ही भांडलो असतो, आमचं भांडण संध्याकाळपर्यंत कधी टिकलं नाही. तिने ती संधी दिली नाही, आणि मी मागितली नाही. चुकलो म्हणायला समोर माणूस लागतो. एकट्याने खोलीत म्हणून काही होत नाही. मी म्हणून पाहिलं.